मालकाकडूनच हप्त्यावर घर घेताय? बेळगाव भागातल्या नवख्या गुंतवणूकदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात "बँक कशाला, मालकालाच महिन्याला देत जाऊ" असे व्यवहार बरेच ठरतात. काही चांगले निघतात, काही कोर्टात जातात. पहिलंच घर गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. एक गोष्ट आधी लक्षात घ्या: इथला कायदा, स्टॅम्प ड्युटी आणि कागद कर्नाटकाचे आहेत. कोल्हापूरचे पाहुणे सातबारा आणि इंडेक्स टू मागायला सांगतील. त्यांचा सल्ला प्रेमाचा असला तरी तुमच्या घराला तो लागू पडत नाही.

हप्त्यावर घर म्हणजे नेमका कोणता व्यवहार?

किमतीचा काही भाग आज द्यायचा आणि उरलेला मालकालाच हप्त्यांनी फेडायचा. एवढं ऐकायला सगळीकडे सारखंच असतं. फरक पडतो तो घर तुमच्या नावावर कधी होतं यावर, आणि आपल्याकडे त्याचे तीन प्रकार दिसतात.

पहिल्या प्रकारात खरेदीखत आधीच नोंदवलं जातं, बाकी रक्कम त्यातच लिहिली जाते आणि तेवढ्यापुरतं घर मालकाकडे नोंदणीकृत गहाण राहतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे किंमत काही दिलेली आणि काही देण्याचं वचन असेल तरी ती विक्रीच ठरते. कलम ५५ प्रमाणे न मिळालेल्या रकमेपुरता मालकाचा त्या घरावर भार राहतो, म्हणजे मालकही उघडा पडत नाही.

दुसरा प्रकार संचकाराचा, म्हणजे इसार देऊन केलेल्या विक्रीच्या कराराचा. संचकार पत्र करायचं, ताबा घ्यायचा, हप्ते फेडायचे आणि शेवटचा हप्ता दिला की खरेदीखत. तोवर नाव मालकाचंच.

तिसरा प्रकार म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेलं संचकार आणि जोडीला वटमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी). यात पैसे घालू नका. मुखत्यारपत्रावरच्या "विक्री"ने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. शिवाय मुखत्यारपत्र देणारा वारला की साधारणपणे ते संपतं.

नवख्या माणसाने पहिल्या प्रकाराचा आग्रह धरावा. दुसरा घ्यायचाच असेल तर संचकार नोंदणीकृत असायलाच हवं. पैसे द्यायला लागल्यापासून घर नावावर होईपर्यंतचा जो मधला काळ असतो, त्यात काय काय होऊ शकतं ते मोजणं म्हणजे हा सौदा पारखणं. पुढची सगळी उत्तरं त्या मधल्या काळाविषयीच आहेत.

मालक "मुदत खरेदी करू" म्हणतो. ते हेच का?

नाही. मुदत खरेदीत मूळ मालक ठरलेल्या मुदतीत पैसे परत करून घर सोडवून घेऊ शकतो. बहुतेक वेळा ते कर्जच असतं, फक्त खरेदीखताच्या रूपात लिहिलेलं. तुम्हाला घर हवं असेल तर हा कागद तुमच्या कामाचा नाही.

मालक हप्त्यावर द्यायला का तयार होतो?

सौदा पारखताना सगळ्यात आधी हेच विचारा, आणि आडवळणाने नको, सरळ विचारा. चांगली कारणं असतात. निवृत्त माणसाला महिन्याची मिळकत हवी असते. मुलं पुण्याला किंवा गोव्यात स्थायिक झालेली असतात आणि जुनं मोठं घर एकरकमी घेणारा सापडत नाही.

वाईट कारण एकच असतं, पण ते वारंवार भेटतं: त्या घराच्या कागदांवर कुठलीच बँक कर्ज देत नाही. प्लॉट मंजूर लेआउटमधला नाही, बांधकामाचा परवाना नाही, भावकीत वाटणी झालेली नाही किंवा जमीनच सरकारी आहे. अशा घराला रोख गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून हप्ता.

हे तपासायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. घराच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत "या घरावर गृहकर्ज मिळेल का" असं विचारा. कर्ज घ्यायचं नसलं तरी विचारा. बँक कशावर अडली ते लिहून घ्या. तीच अडचण उद्या तुम्ही विकायला निघाल तेव्हा तुमची असेल.

इंटरनेटवरच्या व्हिडिओंत हा व्यवहार फार सोपा दिसतो.

ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे घर खरेदीदाराच्या नावावर करून त्याच्याकडून वचनचिठ्ठी आणि गहाणखत घेण्याची पद्धत रुळलेली आहे. मधे पैसे सांभाळणारा त्रयस्थ असतो आणि मालकीहक्काचा विमाही काढतात. पाच-सात वर्षं छोटे हप्ते आणि शेवटी एक मोठी रक्कम, अशी रचना तिथे चालते, कारण ती रक्कम द्यायला नवं बँककर्ज मिळतं. आपल्याकडे त्रयस्थ नाही आणि विम्याचा प्रघात नाही. म्हणून तिथे संस्था करतात ती कामं इथे नोंदणीकृत कागदावरच्या अटींकडून करून घ्यावी लागतात.

"बिनव्याजी हप्ते" म्हणतात. खरंच व्याज नसतं का?

व्याज किमतीत घातलेलं असतं. किती घातलंय ते काढायला एकच आकडा हवा: हेच घर आज रोखीने किती रुपयांना जाईल?

समजा मालक सांगतो ४० लाख. १० लाख आत्ता आणि उरलेले ३० लाख दरमहा ५०,००० प्रमाणे ६० हप्त्यांत, व्याज नाही. रोखीचा भाव ३६ लाख असेल तर मालकाने तुम्हाला प्रत्यक्षात २६ लाख उधार दिले आणि त्याचे ३० लाख घेतले. हा दर वर्षाला सुमारे ५.८ टक्के पडतो, म्हणजे गृहकर्जापेक्षा स्वस्त. सौदा चांगला आहे.

पण रोखीचा भाव ३३ लाखच असेल तर उधारी २३ लाखांची होते, आणि त्याच ५०,००० च्या हप्त्यात व्याजाचा दर सुमारे ११ टक्क्यांवर जातो. हप्ता तोच, मुदत तीच, फक्त रोखीच्या भावात तीन लाखांचा फरक. म्हणून हप्त्यावर घासाघीस करण्याआधी रोखीचा भाव नक्की करा. त्याच गल्लीत गेल्या वर्षभरात झालेल्या दोन-तीन खरेद्यांचे खरे आकडे काढा. मालकालाही विचारा, "सगळे एकदम दिले तर कितीला द्याल?" त्याच्या पहिल्या उत्तरात बरंच काही कळतं.

दर काढायला मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये रेट (RATE) हे सूत्र वापरा: हप्त्यांची संख्या ६०, हप्ता उणे ५००००, आजची उधारी २६०००००. येणारा आकडा महिन्याचा असतो, त्याला १२ ने गुणा.

"शेकडा एक रुपया" व्याज ठीक आहे का?

ते कशावर मोजतात ते विचारा. २० लाख, पाच वर्षं, महिना एक टक्का. घटत्या बाकीवर मोजलं तर हप्ता सुमारे ४४,५०० येतो. पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत मोजलं तर व्याज १२ लाख आणि हप्ता ५३,३३३, म्हणजे खरा दर वर्षाला २० टक्क्यांच्या वर. बोलताना दोन्ही "बारा टक्के"च असतात. कागदावर "घटत्या मुद्दलावर" हे शब्द हवेत आणि सोबत प्रत्येक हप्त्यातलं मुद्दल, व्याज आणि बाकी दाखवणारा तक्ता जोडलेला हवा.

भाड्यातून हप्ता निघेल का?

नाही निघणार, आणि हे आधीच मान्य करून पुढे जा. वरच्याच घराचे दोन मजले मिळून १६,००० भाडं येतं असं धरा. वर्षाचे १,९२,०००. एक महिना घर रिकामं गेलं, १६,००० गेले. घरफाळा, रंग, मोटार, टाकी, गळती यांचे २६,००० धरा. हातात दीड लाख, म्हणजे महिन्याला १२,५००. हप्ता ५०,००० चा. दरमहा ३७,५०० तुमच्या पगारातून किंवा धंद्यातून जाणार, ६० महिने.

घराचा खर्च नोंदणीसकट सुमारे ४३ लाख धरला तर भाड्याचा परतावा साडेतीन टक्के होतो. तेव्हा हा सौदा भाड्यासाठी म्हणून जमत नाही. जागेची किंमत वाढेल आणि पाच वर्षांत बिनकर्जाचं घर हाती येईल, एवढ्यासाठीच तो घेण्यासारखा असतो. ३७,५०० सलग पाच वर्षं निघतील का, हे एका वाईट वर्षाच्या मिळकतीवर तपासा, चांगल्या वर्षाच्या नाही.

कोणते कागद बघायचे?

मूळ खरेदीखत आणि त्याआधीचे दुव्याचे दस्त, किमान ३० वर्षांचे. घर वारशाने आलं असेल तर वारसा नोंद, मृत्यूचा दाखला आणि वाटणीपत्र. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे सीटीएस नंबरचं प्रॉपर्टी कार्ड, आणि महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं ई-खातं, म्हणजे घराच्या नोंदीचा ऑनलाइन उतारा. गावात ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू या ऑनलाइन नोंदीतला फॉर्म ९ आणि ११ए. जमीन मुळात शेतीची असेल तर बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट. बेळगाव शहराभोवती लेआउटची मंजुरी बुडाकडून, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून, येते. बांधकामाचा परवाना आणि मंजूर नकाशा. घरफाळ्याच्या, पाणीपट्टीच्या आणि हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) पावत्या.

घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे. "तीस वर्षं फाळा आम्हीच भरतोय" हे वाक्य ऐकून कित्येकजण फसलेत.

नंतर हे सगळे कागद टेबलावर एकाशेजारी एक मांडा आणि चार गोष्टी जुळवा: नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, नाव. खरेदीखतात तीस बाय चाळीस म्हणजे १२०० चौरस फूट, खात्यात ११२०, आणि जागेवर टेप लावली तर १०७५ भरतं, असं सर्रास होतं. कुठे शेजाऱ्याची भिंत आत आलेली असते, कुठे रस्त्यात जागा गेलेली असते. किंमत जागेवर भरणाऱ्या फुटांची ठरवा. चतुःसीमेतली शेजाऱ्यांची नावं जुनी असतात, म्हणून आज तिथे कोण राहतं ते चौकशी करून लिहा. जमीन कोणत्या सर्व्हे नंबरात पडते आणि तिथे नाला किंवा सरकारी जागा आहे का, हे कर्नाटक सरकारच्या दिशांक अॅपवर उभ्या जागी दिसतं.

ईसी स्वच्छ आली. पुरेसं आहे ना?

पुरेसं नाही. ईसी म्हणजे मालमत्तेवरचे नोंदणीकृत व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला; ती नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळते. व्यवहार असतील तर फॉर्म १५, नसतील तर फॉर्म १६ येतो. पण तिथे फक्त नोंदणी झालेले दस्त दिसतात. नोटरीचं संचकार, नोंद न केलेलं मृत्युपत्र, कोर्टातला दावा यांतलं काहीही ईसीत येत नाही.

आणखी एक खोच आहे. शोध मालमत्तेच्या वर्णनावरून होतो. घराला आधी सर्व्हे नंबर, मग प्लॉट नंबर, मग सीटीएस नंबर मिळालेला असेल, तर एकाच नंबरावर काढलेली ईसी कोरी येऊ शकते आणि जुन्या नंबरावर बोजा बसलेला असतो. सगळ्या नंबरांवर काढा. संगणकीकरणाआधीच्या काळासाठी सब-रजिस्ट्रार ऑफिसात जुन्या नोंदी शोधून घ्या.

मालकाच्या, त्याच्या वडिलांच्या आणि भावांच्या नावाने ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर दावे शोधा. नावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. शेवटी वकिलामार्फत एका मराठी आणि एका कन्नड दैनिकात जाहीर नोटीस द्या. हरकत यायची असेल तर ती पैसे देण्याआधी यावी.

बहिणींच्या सह्या खरंच लागतात का?

वडिलोपार्जित घर असेल तर लागतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आला, आणि वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत तो लागू होतो हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या नोंदणीकृत वाटण्यांना धक्का लागत नाही. त्यामुळे वाटणीपत्र असेल तर आधी त्याची तारीख बघा.

आपल्याकडे बहिणी दिलेल्या असतात चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, गोवा अशा ठिकाणी. "ताई काही म्हणणार नाही, तिने तोंडी सोडलंय," असं भाऊ सांगतो. तोंडी सोडण्याला अर्थ नाही. ताईंना सब-रजिस्ट्रारसमोर आणा किंवा त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. हप्त्याच्या व्यवहारात हे दुप्पट महत्त्वाचं, कारण पाच वर्षांत जागेचा भाव वाढतो आणि भाव वाढला की विसरलेले हक्क आठवतात.

गावात ११बी फॉर्म आहे. घ्यावं का?

११बी म्हणजे पंचायतीच्या वहीत नोंद आहे, पण ती मंजूर लेआउटमधली किंवा गावठाणातली मालमत्ता नाही. शहराच्या कडेच्या गावांत गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जागा बहुतेक अशाच असतात. बँका अडतात आणि पुढचं गिऱ्हाईकही बिचकतं. पहिलीच गुंतवणूक असेल तर सोडून द्या. राहायलाच हवं असेल तर ११ए च्या भावाने घेऊ नका.

आश्रय किंवा तत्सम सरकारी योजनेत मिळालेलं घर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन यांवर विक्रीच्या अटी असतात. अनुसूचित जाती-जमातींच्या अशा जमिनीची पूर्वपरवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होते आणि जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते. जमीन मूळ कोणाला आणि कशी मिळाली, हे जुन्या फेरफारावरून बघा.

कॅम्पातला जुना बंगला स्वस्तात मिळतोय.

कॅन्टोन्मेंटमध्ये ओल्ड ग्रँटच्या जागा आहेत. तिथे जमीन सरकारची असते आणि धारकाकडे फक्त बांधकामाचा हक्क. नवख्याने लांब राहावं.

घरावर मालकाचं कर्ज अजून चालू आहे. चालेल का?

चालवता येतं, पण पैशांची वाट बदलावी लागते. मूळ कागद बँकेत किंवा सोसायटीत अडकलेले असतात. तुम्ही मालकाला हप्ता द्यावा आणि त्याने तो बँकेत भरावा, ही रचना धरू नका. त्याने दोन-तीन हप्ते चुकवले तर जप्तीची नोटीस तुम्ही राहत असलेल्या घरावर लागते.

बँकेकडून आजच्या तारखेचं बाकीचं पत्र घ्या. तुमची पहिली मोठी रक्कम सरळ कर्जखात्यात भरून कर्ज मिटवा, ना-हरकत घ्या आणि मूळ कागद सुटल्यावरच पुढचं. कर्ज पहिल्या रकमेपेक्षा मोठं असेल तर बँकेची लेखी संमती घेतल्याशिवाय सौदा करू नका. बेळगावात सहकारी सोसायट्यांची कर्जं पुष्कळ असतात आणि सगळीच ईसीवर येतात असं नाही, म्हणून सरसाईच्या (CERSAI, गहाणांची केंद्रीय नोंदवही) पोर्टलवरही शोध घ्या. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे मूळ खरेदीखत मालकाच्या हातात असणं. "कपाटात आहे, नंतर दाखवतो" म्हटलं की तिथेच थांबा.

घरात आधीच भाडेकरू आहे.

भाड्याने आहे की भोग्याला, ते आधी बघा. भोग्यात राहणारा माणूस मोठी रक्कम एकदम देतो, महिन्याचं भाडं देत नाही आणि मुदत संपली की ती रक्कम परत घेऊन जातो. समजा त्याने पाच लाख दिलेत आणि मुदत पुढच्या वर्षी संपते. मालकाने ते खर्च केलेले असतात. तुम्ही नवे मालक झालात की तो तुमच्या दारात येणार. ही रक्कम तुमच्या पहिल्या रकमेतून वजा करून स्वतःकडे ठेवा आणि तसं कागदात लिहा. भाडेकरूशी मालकासमक्ष एकदा बोला.

करारात कोणत्या अटी हव्यातच?

सगळ्या व्यवहाराचा जीव इथे आहे, म्हणून वकिलाच्या साच्यातला छापील मसुदा तसाच उचलू नका.

हप्त्याची तारीख, रक्कम आणि खातं. हप्ता फक्त बँकेतून, मालकाच्या एकाच खात्यावर. मुदतीआधी सगळं फेडलं तर दंड नाही आणि न झालेलं व्याज माफ. दरवर्षी ३१ मार्चला दोघांच्या सहीचं बाकीचं पत्रक. मधल्या काळात मालक घर विकणार नाही, गहाण ठेवणार नाही, त्यावर कोणाची जामीनकी घेणार नाही. घरफाळा आणि विमा कोण भरणार. मोठी दुरुस्ती निघाली तर कोणाची.

मालकाची बायको, सज्ञान मुलं-मुली यांच्या संमतीच्या सह्या त्याच दस्तावर घ्या. मालक मधेच वारला तर वारसांनी त्याच किमतीत खरेदीखत करून द्यायचं, आणि वारस ठरेपर्यंत हप्ते ठरलेल्या एका खात्यात जमा होतील, तो उशीर तुमचा कसूर धरला जाणार नाही, हे शब्दशः लिहा.

हप्ता चुकल्यास काय, हे वाक्य सगळ्यात जपून लिहायचं. साच्यात असतं: "एक हप्ता चुकल्यास करार रद्द व भरलेली रक्कम जप्त." ते काढा आणि असं काही घाला: "हप्ता ठरल्या तारखेपासून १५ दिवसांत न आल्यास विक्रेता लेखी नोटीस देईल. नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांत थकबाकी भरल्यास करार पूर्ववत चालू राहील. न भरल्यास करार संपेल, विक्रेता इसाराची रक्कम व ताब्याच्या काळाचे दरमहा १६,००० प्रमाणे भाडे वजा करून उरलेली रक्कम ९० दिवसांत परत करेल व तोवर त्या रकमेचा भार सदर मालमत्तेवर राहील." भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवीच भरपाई देतं, पण कोर्टात वर्षं जातात. आधीच लिहिलेलं असलं की तिथवर जावं लागत नाही.

प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, बँकेत नोंद असली तरी. एवढंच पुरतं: "हप्ता क्र. १४, रु. ५०,०००, मिळाले. बाकी रु. २३,००,०००." खाली सही आणि तारीख. बाकीचा आकडा लिहिलेला असला की वाद उरत नाही.

पुढच्या तारखांचे चेक देऊ का?

शक्यतो नको. बँकेला दरमहा रक्कम वळवण्याची सूचना द्या. दिलेच तर प्रत्येक चेकचा नंबर करारात लिहा. खात्यात पैसे नसताना चेक लावला गेला तर तो फौजदारी मामला होतो, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मुदत किती ठेवावी?

खरेदीखत आधी झालं असेल तर सात-दहा वर्षांनाही हरकत नाही. नाव मालकाचंच राहणार असेल तर तीन वर्षांच्या पुढे जाऊ नका. वर्षं वाढतात तशी मालकाचं आजारपण, मृत्यू, त्याच्या धंद्यातलं कर्ज, जप्ती हे सगळं वाढत्या शक्यतेने मधे येतं. करार नोंदवलेला असेल तर त्यानंतर आलेल्या जप्तीपासून बराच बचाव मिळतो. नोटरीच्या कागदाला तो नाही.

खरेदीखत करून द्यायची ठाम तारीखही लिहा. मालकाने टाळाटाळ केली तर त्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. "बघू, करू" यात ही तीन वर्षं कशी निघून जातात ते कळत नाही.

स्टॅम्प ड्युटी कधी आणि किती?

घराच्या खरेदीखतावर ५ टक्के ड्युटी, त्यावर सेस आणि सरचार्ज मिळून शहरात ५.६ आणि ग्रामीण भागात ५.६५ टक्के. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ऐवजी २ टक्के झाली आहे. ४० लाखांच्या शहरी घराला हे ३,०४,००० होतात. तुमची किंमत आणि सरकारी मार्गसूची दर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला किमान भाव) यांत जे जास्त असेल त्यावर आकारणी होते, तेव्हा दर आधी कावेरीवर बघा.

लोक चुकतात ते संचकारात. संचकारात ताबा दिल्याचं लिहिलं की त्यावर खरेदीखताइतकीच ड्युटी लागते. पुढे खरेदीखताच्या वेळी ती वळती होते. ती वाचवायला लहान स्टॅम्पवर ताब्याचं संचकार केलं तर वाद झाल्यावर कोर्ट तो कागद अडवून ठेवतं आणि तुटीच्या दहा पट दंड बसतो. ४० लाखांवर ड्युटी दोन लाख, दंड वीस लाख. २००१ च्या दुरुस्तीपासून नोंदणी नसलेल्या करारावर ताब्याचं कायदेशीर संरक्षणही मिळत नाही.

थोडे पैसे रोख मागतात.

स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तुमच्या बाजूने नुकसान वेगळं: रोख दिलेले पाच लाख कागदावर नसतात, सौदा मोडला तर ते परत मागायला पुरावा नाही.

किंमत किंवा मार्गसूचीचं मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराचं काम आहे. मालक परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळे आणि कपात मोठी, सीए गाठा.

मालकालाही सीएकडे पाठवा. नोंदणीकृत करारावर ताबा दिला की भांडवली नफ्याचा कर त्याच वर्षी लागू शकतो, हप्ते पुढची पाच वर्षं येणार असले तरी. हे त्याला नंतर कळलं की तो किंमत वाढवून मागतो आणि चांगला सौदा तुटतो.

घर स्वतः कधी आणि कसं बघायचं?

जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस लागलेला असताना. खानापूर आणि शहराच्या पश्चिमेकडे जांभ्या दगडाच्या, मातीच्या सांध्यांच्या, मंगळुरी कौलांच्या जुन्या घरांत भिंती खालून ओल धरतात. उन्हाळ्यात ताजा रंग बघून काही कळत नाही. भिंतीला जमिनीपासून दोन फुटांवर तळहात लावा, कपाटं सरकवून मागे बघा, कौलांखालचे वासे चाकूच्या टोकाने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर वासा गेलेला आहे.

गोकाक, अथणी, सौंदत्तीकडे काळी जमीन आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. भेगेत नाणं शिरत असेल तर इंजिनिअर आणा.

पुराची चौकशी शेजाऱ्यांकडे करा, मालकाकडे नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा या सगळ्याच नद्यांकाठच्या वस्त्यांत पाणी आलं होतं. पाणी कुठवर चढलं ते लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. बेळगावात बळ्ळारी नाल्याच्या बाजूची शहापूर, वडगाव, अनगोळ भागातली सखल जागा पावसात एकदा स्वतः चालून बघा.

दस्त कन्नडमध्ये आहे, मला नीट वाचता येत नाही.

इथे बहुतेक दस्त कन्नडमध्येच होतात, आणि ऐकून मान डोलावून सही करणं धोक्याचं आहे. मसुदा नोंदणीच्या आठवडाभर आधी मागून घ्या. मालकाच्या किंवा एजंटच्या ओळखीचा नव्हे, तुमचा स्वतःचा कन्नड जाणणारा माणूस बसवून ओळ न ओळ मराठीत लिहून काढा. पाच जागा दोनदा तपासा: एकूण किंमत, आजवर मिळालेली रक्कम, ताबा दिला की नाही, हप्ता चुकल्यावर काय, आणि चतुःसीमा. पूर्वपश्चिम उलटी लिहिलेली चतुःसीमा नंतर दुरुस्त करायला पुन्हा मालकाची सही लागते, आणि तो तोवर गावात असेलच असं नाही.